पणजोबा मालगुजार होते का? कागदाला विचारा

थोडं लांब लिहितोय. आज वेळ नसेल तर सेव्ह करून ठेवा, पण वाचा.

निवडणूक ग्रामपंचायतीची असो की जिल्हा परिषदेची, आपल्या धानोरा तालुक्यात बॅनर लागले की उमेदवाराच्या फोटोखाली एक ओळ हमखास असते. ‘मालगुजार घराण्याचे वारस.’ ‘पाटील घराण्याची परंपरा.’ चहाच्या टपरीवर भेटले की मी विचारतो, कोणत्या गावची मालगुजारी? कधीपासून? उत्तर ठरलेलं : ‘आमचे बुढे लोक सांगत बावा.’ बुढे लोक खोटं सांगत होते असं मी म्हणत नाही. माझ्याही घरचे बुढे लोक हेच सांगत. पण हे तपासता येतं, आणि ते तपासायला इतिहासाची पदवी लागत नाही. एसटीचं भाडं, नकलेची फी आणि चिकाटी लागते.

आधी पदांची नावं नीट समजून घेऊ, कारण सगळा घोळ तिथंच आहे.

१८५४ मध्ये नागपूरचं राज्य इंग्रजांनी खालसा केलं आणि आपला चांदा जिल्हा त्यांच्याकडं गेला. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत जमिनीचा बंदोबस्त झाला. त्याचा मेजर ल्युसी स्मिथ यांनी लिहिलेला अहवाल १८६९ चा आहे. खालसा मुलखात जे लोक गावाचा सारा गोळा करून भरत होते त्यांना या बंदोबस्तात गावाची मालकी मिळाली. ते मालगुजार. पण आपल्या पूर्वेकडच्या डोंगर-जंगलाच्या भागात गोष्ट वेगळी होती. इथं जमीनदाऱ्या होत्या. सगळ्यात मोठी अहेरीची, आणि आपल्या बाजूला रांगी, मुरुमगाव, दुधमाळा, झाडापापडा. ही नावं आज आपल्याला गावांची म्हणून माहीत आहेत, जुन्या कागदात ती जमीनदाऱ्यांची नावं आहेत. जमीनदार गावं ठेक्यानं देत. म्हणजे जमीनदारीतल्या गावात जो सारा वसूल करायचा तो ठेकेदार. लोक मानानं त्यालाही मालगुजार म्हणत असतील, पण मालकी त्याची नव्हती.

मग मुकद्दम. हा गावाचा कायदेशीर मुख्य. गुन्ह्याची वर्दी द्यायची, गावावर लक्ष ठेवायचं, कोतवालाकडून काम करून घ्यायचं. मालगुजार किंवा ठेकेदार गावात राहत नसेल तर त्याच्या वतीनं गावातलाच एक माणूस नेमला जाई, तो मुकद्दम गुमास्ता. त्याच्या खाली कोतवाल, आणि हिशेब लिहिणारा पटवारी. ‘पाटील’ हा शब्द आपल्याकडं या सगळ्यांना सरसकट लावला गेला. त्यामुळं घरात ‘आपले पणजोबा पाटील होते’ असं सांगत असतील, तर त्याचे निदान चार अर्थ होऊ शकतात.

आता आमच्या घराचं सांगतो.

आमचं गाव जुन्या जमीनदारी मुलखातलं. घरात एक शिसवी काठी आहे, मुठीला चांदीचं टोपण. लग्नात ती बाहेर निघते. आमचे मोठे काका (वय ऐंशीच्या घरात) पाहुण्यांना काठी दाखवून सांगतात, ‘आमचा आजा मालगुजार होता, गावाची मालगुजारी आमच्याकडं होती.’ लहानपणापासून ऐकलेलं. पत्रकारितेचा डिप्लोमा करायला नागपूरला होतो तेव्हा एका ग्रंथालयात चांदा जिल्ह्याचं १९०९ चं गॅझेटियर हातात आलं. बेग्बी यांनी संपादित केलेलं, नेल्सन यांनी सुधारलेलं. जाड बाड, इंग्रजी अवघड. जमीनदाऱ्यांची माहिती वाचली तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं, की आमचा मुलूख जमीनदारीत असेल तर आमच्याकडं मालगुजारी कशी? आमच्या गावाचं मात्र त्यात नावही नव्हतं. गॅझेटियर हे जिल्ह्याचं पुस्तक असतं, त्यात जमीनदार सापडतो, गावचा माणूस सापडत नाही.

इथं एक गोष्ट सांगून टाकतो. ‘गॅझेट’ आणि ‘गॅझेटियर’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मराठा आरक्षणाच्या प्रश्नात २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयापासून ‘हैदराबाद गॅझेट’ हा शब्द घराघरात गेला, तेव्हापासून दोन जणांनी मला फोन करून विचारलं, ‘आपलं नाव त्यात असेल का?’ नसणार. आपण मध्य प्रांतातले. जिल्ह्यात सिरोंच्याचा भाग १८६० पर्यंत निजामाकडं होता, आपला नाही. गॅझेटियर म्हणजे जिल्ह्याची माहिती देणारा ग्रंथ. गॅझेट म्हणजे सरकारचं राजपत्र, ज्यात नेमणुका छापून येत. पणजोबा ऑनररी मॅजिस्ट्रेट होते, लोकल बोर्डावर किंवा डिस्ट्रिक्ट कौन्सिलवर सदस्य होते असं घरात सांगत असतील, तर ते मध्य प्रांताच्या राजपत्रात शोधायचं. त्याचे बांधीव खंड मोठ्या ग्रंथालयात आणि पुराभिलेखागारात असतात. आजोबा ‘जनपद सभेवर होते’ म्हणत असतील तर तो काळ १९४८ च्या कायद्यापासून १९६२ मध्ये जिल्हा परिषदा येईपर्यंतचा. त्याच्या आधी-नंतर शोधण्यात वेळ घालवू नका.

आमदार-खासदारांचं तर सगळ्यात सोपं. मध्य प्रांताचं कौन्सिल १९१४ साली सुरू झालं, त्याचं कामकाज छापील आहे. कोण सदस्य, कोणता प्रश्न विचारला, कशाला हात वर केला, सगळं नावानिशी. आपल्या चांद्याचे मा. सां. कन्नमवार १९६२ मध्ये महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले आणि पदावर असतानाच २४ नोव्हेंबर १९६३ ला गेले. गरीब घरातला माणूस. त्यांचं सार्वजनिक आयुष्य कागदावर पानापानानं शोधता येतं. लाल श्याम शाह यांचंही. आपल्या मुरुमगावच्या पलीकडं, आता छत्तीसगडात असलेल्या पानाबरस जमीनदारीचे ते जमीनदार. १९६२ मध्ये चांदा मतदारसंघातून अपक्ष म्हणून लोकसभेवर गेले आणि १९६४ मध्ये राजीनामा देऊन मोकळे झाले. आज राजीनामा खिशात ठेवून फिरणारे पुढारी आपण पाहतो, म्हणून हे मुद्दाम लिहिलं. लोकसभेचं जुनं कामकाज आता घरी बसून मोबाईलवर वाचता येतं.

पण बॅनरवर जे लिहिलं जातं ते आमदारकीबद्दल नसतं. ते गावातल्या पदाबद्दल असतं. आणि गावातल्या पदाचा कागद ग्रंथालयात मिळत नाही. ग्रंथालयात छापलेलं मिळतं. सरकारी फायली पाहायच्या तर नागपूरला विदर्भ पुराभिलेखागार आहे. गावचे कागद, म्हणजे बंदोबस्ताची मिसल, हक्कनोंदी, निस्तार पत्रक, कोतवाल बुक, हे महसूल खात्याच्या रेकॉर्ड रूममध्ये. मला हे कळायला बरीच वर्षं गेली, कारण मी बातमीदारीतून वेळ मिळेल तसा फिरत होतो.

रेकॉर्ड रूममध्ये जाण्याआधी जिल्ह्याचा प्रवास माहीत पाहिजे, नाहीतर चुकीच्या दारात उभे राहाल. गडचिरोली जिल्हा झाला २६ ऑगस्ट १९८२ ला. त्याआधी सगळं चांदा, म्हणजे चंद्रपूर. गडचिरोली तहसील झाली १९०५ मध्ये, त्याआधी आपला भाग ब्रह्मपुरी आणि चांदा तहसिलीत. ‘धानोरा तालुका’ असं शोधाल तर जुन्या कागदात काहीच मिळणार नाही. १९०६ मध्ये दुर्ग जिल्हा झाला, आणि अंबागड चौकीसारखा पूर्वी चांद्यात असलेला मुलूख तिकडं गेला. सीमेवरच्या गावांतल्या लोकांचे नातेवाईक पलीकडं आहेत, तसे त्यांचे कागदही पलीकडं असू शकतात. स्पेलिंगचं तर विचारू नका. झाडापापडा इंग्रजीत झारापापरा होतो. आडनावं बहुतेक नसतातच. अमुक वल्द तमुक, बस. ‘वल्द’ म्हणजे मुलगा. म्हणून आधी घरातल्या म्हाताऱ्यांकडून चार पिढ्यांची नावं लिहून घ्या, मग घराबाहेर पडा.

एका कार्यालयात (नाव घेत नाही) मला तीन वेळा ‘दोन वाजल्यानंतर या’ म्हणून सांगितलं, आणि चौथ्या वेळी सांगितलं की तो बस्ता उधईनं खाल्ला. बस्ता उघडून पाहिला तर कडा खाल्लेल्या होत्या, मधली पानं शाबूत होती. ‘खाल्ला’ म्हणाले तरी एकदा उघडून दाखवा म्हणायचं. भांडायचं नाही. अर्जाची पोच मात्र घ्यायची.

आमच्या गावची मिसल मिळाली ती १९३० च्या आधीच्या बंदोबस्ताची. जाड पिवळा कागद, काळी शाई, अक्षर सुरेख. ठेकेदार या रकान्यात नाव होतं एका सावकाराचं, राहणार दुसऱ्या तहसिलीतला. त्याच्या खाली मुकद्दम. तिथं आमच्या पणजोबांचं नाव, त्यांच्या वडिलांच्या नावासह, आणि पुढं एक शब्द : ‘गुमास्ता’. शेवटच्या रकान्यात कुण्या अधिकाऱ्याचा शेरा. हुशार व उपयोगी.

त्या पानासमोर मी किती वेळ बसलो होतो ते आठवत नाही. मालगुजार नाही, ठेकेदारही नाही. ठेकेदाराचा माणूस. खरं सांगतो, पहिली भावना आनंदाचीच होती. शंभर वर्षांपूर्वीच्या सरकारी कागदावर आपल्या घरचं नाव दिसलं की अंगावर काटा येतो, पद कोणतं का असेना. नक्कल घेऊन घरी आलो. काकांना वाचून दाखवली. त्यांनी ऐकलं, काठीकडं पाहिलं आणि म्हणाले, ‘कागद लिहिनारा चुकला असन.’ मी वाद घातला नाही.

पण ‘उपयोगी’ हा शब्द डोक्यातून जाईना. कोणाला उपयोगी?

आमच्या गावाला लागून एक टोला आहे, गोंड वस्ती. तिथल्या एका म्हाताऱ्याकडं गेलो. नव्वदीचा माणूस, कान तेज. पणजोबांचं नाव सांगितलं तर लगेच ओळखलं. त्यानं स्वतः पाहिलेलं नव्हतं, पण बापाकडून ऐकलेलं होतं. म्हणाला, ‘तुया पंजा दिसला का आमचे मानसं जंगलात पळत.’ का? तर साहेबाचा दौरा आला की तंबू, पेट्या वाहायला माणसं लागत. गवत, लाकूड, दूध, कोंबड्या लागत. गावात येऊन माणसं धरून नेणारा मुकद्दमच असायचा. बिगार आणि रसद. धानाच्या रोवणीच्या दिवसातही न्यायचे. एकदा त्याच्या आजीनं बाळंतीण सून घरात आहे म्हणून हात जोडले, तरी मुलाला नेलं. म्हाताऱ्यानं हे रागानं सांगितलं नाही. पाऊस कसा पडला ते सांगावं तसं सांगितलं, आणि नंतर मला मोहाचे लाडू खायला दिले.

म्हणजे अधिकाऱ्याला जो ‘उपयोगी’ वाटला त्याचं उपयोगी असणं हे होतं. कागदात तेवढाच एक शब्द आहे. टोल्यात शंभर वर्षं टिकलेली आठवण आहे. दोन्ही मिळून आमचे पणजोबा. कागद कोणी लिहिला हे पाहिल्याशिवाय तो वाचू नये. वीर बाबुराव शेडमाके यांना चांद्याच्या तुरुंगात २१ ऑक्टोबर १८५८ ला फाशी दिली, ते इंग्रजांच्या कागदात बंडखोर आहेत. त्याच कागदात आमचे पणजोबा हुशार व उपयोगी. मी काय समजायचं ते समजलो.

काहीजण म्हणतील, आपल्याच घराचं असं जाहीर कशाला लिहितो? बॅनरवर दुसऱ्यांचं तपासायचं आणि आपलं झाकायचं, हे मला पटत नाही. एवढंच.

आता त्याच पानावरची दुसरी ओळ. मुकद्दमाच्या खाली कोतवालाचं नाव होतं. कोतवाल हे गावातलं सगळ्यात खालचं पद. पुष्कळ गावांत ते महार समाजाकडं असे, सगळीकडं नाही. रात्री जागल्या, दिवसा निरोप्या, साहेब आला तर पुढं धावणारा. पगार म्हणजे गावकऱ्यांनी दिलेलं धान. पण आपल्या भागातला सगळ्यात मोलाचा कागद या माणसामुळं तयार झालेला आहे. गावात जन्म झाला, मृत्यू झाला की कोतवालाच्या वहीत नोंद व्हायची. त्याला लिहिता येत नसेल तर दुसऱ्याकडून लिहवून घ्यायचा, आणि ती वही घेऊन ठरलेल्या दिवशी पोलीस ठाण्यात पायी जायचा. त्या वहीत बापाचं नाव आणि जात असते. जातपडताळणीसाठी ज्यांनी धावाधाव केली आहे त्यांना ‘कोतवाल बुक’ काय चीज आहे ते सांगायला नको. अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा पुरावा मागतात तेव्हा शाळेत न गेलेल्या आजोबाची नोंद दुसरीकडं कुठं मिळणार? दाखला नसतो, सातबारा नसतो. कोतवालाच्या वहीत जन्म असतो.

जमीनदाराचा वंश गॅझेटियरमध्ये आहे. बाकी सगळ्या गावाचा वंश कोतवालानं वाहून नेलेल्या वहीत आहे.

त्या कोतवालाच्या नातवाचा मुलगा माझ्या ओळखीचा. नाव लिहीत नाही. जंगलाला लागून दीड एकर धानाची बांधी कसतो, आजापासूनची. वनहक्काचा दावा केला होता. आदिवासी नसल्यामुळं त्याला ‘इतर पारंपरिक वननिवासी’ म्हणून सिद्ध करावं लागतं, म्हणजे १३ डिसेंबर २००५ च्या आधी तीन पिढ्या, एका पिढीची २५ वर्षं, एकूण ७५ वर्षांचा रहिवास. हिशेब केला तर १९३० च्या आधीचा पुरावा. तो कुठून आणणार? दावा ‘पुरावा नाही’ म्हणून परत आला होता. त्याच्या घरी १९३० च्या आधीचा कागदाचा तुकडा नाही. पण सरकारच्या घरी आहे, सरकारच्याच नोकराचा. वनहक्क नियमात पुरावा म्हणून गॅझेटियर, जनगणना, बंदोबस्ताचे अहवाल चालतात, जुन्या नोंदीत नाव असलेल्या माणसापर्यंत जाणारी वंशावळही चालते. गावातल्या वडीलधाऱ्यांचं सांगणंही लिहून घेता येतं. हे पुष्कळ ग्रामसभांना माहीत नाही, आणि काही टेबलांवर माहीत असून सांगत नाहीत.

त्याला नक्कल दाखवली तेव्हा त्यानं आधी पणजोबांचं नाव वाचलं, म्हणजे माझ्या. मग बोट खाली नेलं. स्वतःच्या पणज्याच्या नावावर थांबला. म्हणाला, ‘हे नाव तर आमाले माहीतच नव्हतं. घरात आज्याच्या मागचं कोनी सांगतच नव्हतं.’ काठी असलेल्या घरात मालगुजारीची गोष्ट चार पिढ्या चालली आणि कोतवालाच्या घरात नावसुद्धा राहिलं नाही, यावर मी नंतर बराच विचार केला. कोतवालकीची आठवण ठेवावी असं त्या घरात कोणाला वाटलं नसेल. ज्यांना धावावं लागलं त्यांना ती विसरायचीच असणार.

दावा परत ग्रामसभेपुढं गेला आहे. वंशावळ जोडली, नक्कल जोडली, टोल्यातल्या त्या नव्वदीच्या म्हाताऱ्याचा जबाब जोडला. म्हाताऱ्यानं अंगठा दिला. निकाल यायचा आहे, आला की लिहीन.

आपल्या तालुक्यात हे काही नवं नाही. लेखा-मेंढ्याला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, देशातल्या पहिल्या गावांपैकी ते एक. तिथं ग्रामसभेबरोबर अभ्यास गट चालतो. लोक एकत्र बसून कायदा वाचतात, कागद वाचतात. बाकीच्या गावांत गावचं निस्तार पत्रक कोणी पाहिलं आहे का? मालगुजारी-जमीनदारी ३१ मार्च १९५१ ला गेली, त्यानंतर गावाचे जंगलावरचे हक्क या पत्रकात लिहिले गेले. त्याआधीचे रिवाज ‘वाजिब-उल-अर्ज’ नावाच्या कागदात सापडतात. आपल्या पणजोबांचं पद शोधायला जाल तेव्हा ही दोन नावंही अर्जात टाका. फी थोडी वाढेल.

आणखी एक गोष्ट राहिली. गायता, भूमिया, इलाक्याचा प्रमुख, ही पदं यातल्या कोणत्याही रकान्यात शोधून सापडायची नाहीत, कारण ती सरकारनं दिलेली नव्हती. गावाचा पेन कुठं, शीव कुठवर, मोहाचं झाड कोणाचं, हे ठरवणारी माणसं. बायांचं तर नावच नाही. माझ्या पणजीचं नाव मला मिसलीत मिळालं नाही, ठाण्यातही मिळालं नाही. ते टोल्यातल्या त्याच म्हाताऱ्यानं सांगितलं, कारण बिगारीहून परत आलेल्या माणसांना ती मागच्या दारानं भाकर द्यायची असं त्याच्या घरात सांगत.

काकांना हेही सांगितलं. यावर ते काही बोलले नाहीत.

पुढच्या आठवड्यात मी पुन्हा रेकॉर्ड रूमला जातोय, या वेळी तीन गावांचं कोतवाल बुक पाहायला. कोतवालाचा तो नातूही येतोय, एका दिवसाची मजुरी बुडवून. तुमच्या घरी जुनी नक्कल, ठेकापत्र, जनपद सभेची नोटीस, काहीही असेल तर फेकू नका, लॅमिनेशन तर अजिबात करू नका. स्वच्छ उजेडात फोटो काढून मला पाठवा. चार पिढ्यांची नावं सोबत लिहा, बायांचीही. वाचता येईल तेवढं वाचून सांगेन. मोडीत असेल तर वाचणारा शोधू. बॅनर छापायच्या आधी पाठवलं तर अजून बरं.